फक्त हात

हल म्हणतात या शहराला,
आणि नदीवरचं धुकं सकाळपासून हललेलं नाही.
मंगळवारची ओपीडी. गरम मेणात बुडवून काढलेले
हाल्शका ब्रिगमबाईंचे हात
मी टॉवेलात गुंडाळते, मिनिटं मोजते.
पेरं आल्याच्या कुडीसारखी.
ती म्हणते, "जपून हं. सिनेमातले हात आहेत."
मी हसते. पेशंट अशा गमती करतातच.

गंमत नव्हती.

अठ्ठेचाळीस साली इथे शूटिंग झालं.
बॉम्बनं बसलेली गल्ली गोदीपाशी अजून तशीच होती,
तिला युरोपातल्या कुठल्याशा शहराचा पार्ट मिळाला,
दुकानावर परकी पाटी ठोकली की झालं.
लढाई चालू असताना बातम्यांत या गावाचं नाव घेत नसत,
'ईशान्य किनाऱ्यावरचं एक शहर', एवढंच.
बिननावाचं राहायची त्याला सवय होती.

पोर हवी होती, युद्धातून वाचलेली, आठ-नऊ वर्षांची.
निर्वासितांच्या छावणीतून हिला नेलं,
मावशीनं तोंड खसाखसा धुऊन, रिबीन बांधून.
दिग्दर्शकानं हनुवटी धरून उजेडाकडे वळवली,
डावीकडून, उजवीकडून,
भाव ठरवण्याआधी पपई बघावी तशी.
गाल भरलेत, म्हणाला. लापशी मानवलीय.
डोळ्यांतही काही दिसत नाही.
"नव्हतंच दिसत," हाल्शका म्हणते,
"मी ते आत ठेवलं होतं.
बाहेर ठेवलेलं चोरीला जातं."

पार्ट मिळाला मॉरीन स्टेदर्सला, मासळीवाल्याच्या मुलीला.
गालांना काजळी, फ्रॉकला ब्लेडनं पाडलेली भोकं.
सांगितल्याबरोबर रडायची, घळाघळा,
मेलेलं मांजर आठवायची म्हणे.
एक्केचाळीसच्या मे महिन्यात, दोन रात्री,
ती जिन्याखाली होती, आजीच्या अंगाखाली.
दुसऱ्या सकाळी आजी उठली नाही.
तिला कुणी विचारलं नाही. कशाला विचारतील?
ती इथलीच होती,
आणि छान रडत होती.

हात मात्र तिचे जमेनात.
कॅमेरा जवळ आला की त्यांना कळायचं.
मग हाल्शकाला बोलावलं, एक शिलिंग, फक्त हात.
मदतीचं पार्सल आलंय,
सुतळी तोडायची, कागद ओरबाडायचा, डबा काढायचा,
भुकेलं पोर करेल तसं.

हाल्शकानं सुतळी तोडली नाही.
नखानं गाठ सैल केली. मग दुसरी.
सगळी सोडवून दोन बोटांभोवती गुंडाळली,
टोक आत खोचलं, खिशात घातली.
मग कागद, घडी घालून.
मग डबा.
कट म्हणायचं राहून गेलं कुणाचंतरी.

गेल्या आठवड्यात रात्री शोधून मी तो सिनेमा पाहिला.
अकरा सेकंद. मनगटापाशी कापलेली चौकट.
पुढच्याच शॉटमध्ये मॉरीनचा चेहरा, ओला, फार सुंदर,
आणि फ्रॉकला खिसाच नाही.
नामावलीत मॉरीन तिसरी.
मी शेवटपर्यंत बसले, कंपनीचा शिक्का येईपर्यंत.

आज तिला सांगितलं, पाहिला.
"सुतळी दिसते?"
दिसते, म्हटलं.
"परत घेतली त्यांनी. सामानवाला वही घेऊनच उभा होता,
सुतळी एक, कागद एक, डबा एक.
चांगली सुतळी होती."

मेण सोलून निघतं, बोटांच्या आकाराचं,
पांढरं, पोकळ. ते मी परत भांड्यात टाकते, वितळायला.
मूठ उघडा. मिटा. दहा वेळा.
सातपर्यंत ती तिच्या भाषेत मोजते,
आठपासून इंग्रजीत.
त्याला फॉर्ममध्ये रकाना नाही.
मी लिहिते: डावी पकड, किंचित सुधारणा.